देठ शाबूत ठेवून

नाक गळतंय म्हणजे सर्दी. हे आपल्याकडे इतकं ठरलेलं आहे की शिरूर असो वा दौंड, दवाखान्यात गेलेला माणूस आजार सांगत नाही, थेट "सर्दी हटत नाही" असं निदानच सांगतो. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते बरोबरही असतं. उरलेल्या एखाद्या वेळी मात्र लक्षणं जरा वेगळी असतात. पाणी एकाच नाकपुडीतून येतं. ते चिकट नसतं, रुमालावर वाळलं तरी कापड कडक होत नाही. गाईची धार काढायला खाली वाकलं की टपटप थेंब पडतात. रात्री उताणं झोपलं की तेच पाणी घशात उतरतं आणि तोंड खारट होतं. अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी त्यात तसूभर फरक पडत नाही, कारण ते पाणी नाकाचं नसतं. ते मेंदूभोवतीचं असतं.

डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसाच्या मेंदू आणि मज्जारज्जूभोवती ते एका वेळी साधारण 150 मिलिलिटर असतं, पण शरीर दिवसाला जवळपास 500 मिलिलिटर नवं बनवतं. म्हणजे हे साठलेलं डबकं नव्हे, दिवसातून तीनचार वेळा बदलणारा प्रवाह आहे. आणि त्याला स्वतःचा दाब आहे. तळाला भोक पडलं, तर पाणी बाहेर येत राहतं आणि थोड्या वेळाने ते संपून आपोआप थांबेल, असं होत नाही.

तळ म्हणजे कवटीचा तळ. कवटीची वरची बाजू जाड, गुळगुळीत आणि एकसंध. तळाचं तसं नाही. तिथे हाड कुठे कागदासारखं पातळ, कुठे उंचसखल, आणि जागोजागी भोकं: डोळ्यांच्या नसांना, चेहऱ्याच्या नसांना, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांना वाट द्यायला. नाकाच्या माथ्यावर तर हाडाची चक्क चाळण आहे. वासाच्या बारीक नसा तिच्यातून खाली उतरतात. जरा मागे खोगिराच्या आकाराचा खळगा, त्यात पिट्युटरी ग्रंथी. नाकाचं जे छत, तीच मेंदूची जमीन, आणि दोहोंच्या मध्ये पातळ हाड आणि ड्युरा नावाचं चिवट आवरण, एवढंच. वर जंतूंचा लवलेश नसलेली जागा, खाली श्वासाश्वासाला धूळ आणि जंतू आत घेणारं नाक. ड्युरा फाटला की या दोन जगांतलं दार उघडं राहतं, आणि पाणी बाहेर येण्यापेक्षा मोठी भीती असते ती जंतू आत जाण्याची. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह त्याच वाटेने येतो.

अशी गळती सर्वांत जास्त होते ती डोक्याला मार लागून. नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता या दोन्हींच्या कडेला राहणाऱ्यांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. (हेल्मेट मात्र सांगावं लागतं, अजूनही.) पण अपघातातली फट बहुतेकदा चिरेसारखी असते. दोन्ही काठ जागेवर असतात, आणि पुष्कळ रुग्णांत आठवडाभर डोकं उंच ठेवून पडून राहिल्यावर ती आपली आपण मिटते. गाठ काढल्यावर राहिलेलं भोक तसं नसतं. तिथे काठच उरलेले नसतात.

कवटीच्या तळाच्या गाठी अनेक जातींच्या. पिट्युटरीच्या गाठी सर्वांत नेहमीच्या, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्याच कर्करोगाच्या नसतात. मेंदूच्या आवरणातून उगवणारा मेनिंजिओमा, पिट्युटरीच्या देठाजवळ होणारा क्रेनिओफॅरिंजिओमा, तळाच्या मागच्या हाडात होणारा कॉर्डोमा, आणि नाक-सायनसचे कर्करोग जे छत पोखरून वर चढतात. गाठ कोणतीही असो, ती पुरती काढायची तर तिने खाल्लेलं हाड काढावं लागतं, बहुतेकदा ड्युराही कापावा लागतो. काही ठिकाणी तर मेंदूतल्या पाण्याचा मोठा हौदच उघडा पडतो. सर्जनची भाषा तिथे बदलते: हलकी गळती आणि जोराची गळती. जोराच्या गळतीचं दोनतीन सेंटिमीटरचं भोक डोळ्यांसमोर आहे, त्यातून मेंदूची नाडी दिसते आहे, आणि ते बुजवायचं आहे. गाठ काढणं हा शस्त्रक्रियेचा अर्धाच भाग. माझ्या मते तर तो सोपा अर्धा.

भोक शिवता का येत नाही? येतं, पण फार थोड्या ठिकाणी. तळ डोक्याच्या खोल खाली, जागा अरुंद, ड्युराचा काठ हाडाला चिकटलेला. म्हणून वरून काहीतरी लावून झाकणं हाच मार्ग उरतो. 1926 मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून मांडीतल्या स्नायूवरचा चिवट पडदा आतून लावला आणि गळती थांबवली. कवटी उघडून केलेली ही पहिली यशस्वी दुरुस्ती मानतात. मांडीचा तो पडदा आजही वापरात आहे. बेंबीशेजारून घेतलेली चरबी, नाकातलं कुर्चेचं ठिगळ, गाईम्हशींच्या ऊतींपासून बनवलेले तयार पडदे, हेही वापरात आहेत. भोक सेंटिमीटरभराच्या आत असेल तर यांतलं काहीही चालतं आणि बहुतेक रुग्ण बरे होतात.

भोक मोठं झालं की हिशेब बिघडतो, आणि तो का बिघडतो हे समजून घेण्यासारखं आहे. मांडीतून कापून आणलेल्या पडद्याला स्वतःचं रक्त नसतं. पहिले दोनतीन दिवस तो शेजारच्या ऊतींतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो; मग खालच्या जमिनीतून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि तो रुजतो. हातावर, पायावर, पाठीवर खाली मांसाची जमीन असते. कवटीच्या तळाच्या भोकावर ती कुठली? पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. रक्त मिळेल तर फक्त काठांकडून. भोक लहान असेल तर काठांचं रक्त मधोमध पोचतं. मोठं असेल तर मधला भाग उपाशी राहतो, मऊ पडतो, आणि वरून पाण्याचा दाब, खालून नाकातले जंतू. आठवड्याभराने तिथूनच गळती सुरू होते. पुढे रेडिएशन द्यायचं असेल तर विचारायलाच नको. रेडिएशनने काठांचंही रक्त आटतं.

म्हणजे हवं आहे असं ठिगळ, जे आपलं रक्त आपल्याबरोबर घेऊन येईल. पान तोडून दुसरीकडे चिकटवलं तर सुकतं. देठ झाडालाच ठेवून फांदी वळवली तर हिरवं राहतं. सर्जन अशा ठिगळाला फ्लॅप म्हणतात. ऊतीची पट्टी तीन बाजूंनी सोडवायची, चौथी बाजू, जिच्यातून धमनी येते, ती तशीच ठेवायची, आणि पट्टी वळवून भोकावर न्यायची.

ही युक्ती आधुनिक जगाला कुठून कळली, याचं उत्तर पुण्यात आहे.

1792 च्या सुमाराची गोष्ट. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम एकत्र लढत होते. इंग्रजी फौजेच्या सामानाचे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. (नाव पारशी वाटतं, त्या वेळचा छापील वृत्तांत मात्र त्याला शेती करणाऱ्या जातीतला मराठा म्हणतो.) त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांपैकी थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी अशी शस्त्रक्रिया होताना डोळ्यांनी पाहिली. तेव्हा पुण्यात पेशवे दरबारी चित्रं काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने 1794 च्या जानेवारीत कावसजीचं चित्र काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट सगळी कृती छापून आली. करणाऱ्याचं नाव तिच्यात नाही. जात आहे, नाव नाही. चित्रकाराचं, डॉक्टरांचं, रुग्णाचं नाव इतिहासाने जपलं आणि ज्याच्या हातात कला होती तो नुसता "विटा पाडणारा" राहिला, ही गोष्ट मला कधीच गोड वाटलेली नाही.

त्याची कृती मात्र तपशीलवार टिकली. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची, आणि रेघेतली कातडी सोडवायची. पण दोन भुवयांच्या मधली एक अरुंद पट्टी सोडवायची नाही. वृत्तांतात स्पष्ट लिहिलं आहे की नवं नाक जुन्याशी सांधेपर्यंत रक्ताचा ओघ या पट्टीतून चालू राहतो. थोटकाची जुनी वणाची कड तासून ताजी करायची. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवायची आणि तिची कड त्या ताज्या चिरेत बसवायची. वर पाण्यात भिजवलेला काथ फडक्याच्या पाचसहा पट्ट्यांवर पसरून लावायचा. चार दिवस तेवढंच. पुढे तुपात भिजवलेली फडकी. पाचसहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवसापासून नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ चिंध्यांचे बोळे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी, नाक रुजलं की मगच, भुवयांमधली ती पट्टी कापायची.

गालाच्या कातडीने नाक करण्याची कृती सुश्रुतसंहितेत आहे, तीत मापाला झाडाचं पान घ्यायला सांगितलं आहे. पण छापील कागदावर, मापासकट, दिवसांसकट युरोपच्या सर्जनांच्या हाती पडली ती ही पुण्याची कृती. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी ती वाचली, 1814 मध्ये स्वतः करून पाहिली, 1816 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि युरोपात नाक घडवण्याचं नवं पर्व सुरू झालं. नाक घडवायला कपाळाचा फ्लॅप आजही वापरतात. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचं नाव येतं ते यामुळे.

त्या माणसाने भुवयांच्या मध्ये जे जपलं त्याला आपण आज नावं दिली आहेत. डोळ्याच्या खोबणीतून वर येऊन कपाळावर चढणाऱ्या दोन छोट्या धमन्या तिथे आहेत, भुवईच्या आतल्या टोकाशी एक आणि जरा बाहेर दुसरी. आता याच धमन्यांचा दुसरा उपयोग पाहा. कपाळाची कातडी आणि हाड यांच्या मध्ये, हाडाला बिलगून, एक पातळ चिवट पडदा असतो. त्यालाही रक्त मिळतं ते याच धमन्यांकडून. कवटीच्या पुढच्या तळाची मोठी गाठ वरून, म्हणजे कवटी उघडून काढायची असते तेव्हा सर्जन एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांच्या आतून चीर घेतात आणि टाळू पुढे उलटवतात. मग हाडावरचा तो पडदा मागून पुढे हळूहळू सोडवत आणतात आणि भुवयांशी थांबतात. गाठ निघाली की हा पडदा कपाळाच्या हाडाच्या खालून आत वळवून मेंदूच्या खाली, नाकाच्या छतावर अंथरतात. पुण्याच्या कारागिराने कपाळाची कातडी बाहेरून खाली आणली. इथे तिच्या खालचा थर आतून खाली जातो. देठ तोच. फरक एवढाच की तिथे पंचविसाव्या दिवशी देठ कापला जाई, इथे तो कधीच कापायचा नाही. कपाळावर व्रणही उरत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी 1990 च्या दशकात याच कुळातल्या फ्लॅपवर काम केलं. टाळूखालच्या पातळ पडद्यांना कानशिलाच्या स्नायूची जोड देऊन लांबवलेला फ्लॅप त्यांनी कवटीच्या तळासाठी वापरला आणि त्याबद्दल लिहिलं. त्या काळात दूरवरचं भोक झाकायला लांब पोचणारी, पण रक्त न हरवणारी पट्टी ही मोठीच गरज होती.

दरम्यान गाठी काढायची वाटच बदलू लागली. कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बीण घेऊन सायनसमध्ये शिरले होते. विसाव्या शतकाच्या शेवटी ते आणि न्यूरोसर्जन मिळून नाकातूनच कवटीच्या तळाशी पोचायला लागले. चेहऱ्यावर चीर नाही, मेंदू बाजूला सारायला नको, गाठ थेट खालून समोर. पण गाठ काढली की वर तेच भोक, आणि नाकाच्या दोन पुड्यांतून ते बुजवायचं. मांडीचा पडदा, चरबी, गोंद यांवर सुरुवातीला भागवलं जाई, आणि गळती इतकी होई की ही सगळी पद्धतच वाया जाते की काय, अशी शंका घेणारे कमी नव्हते.

वाट निघाली ती अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातून. गुस्तावो हदाद आणि लुईस बासागास्तेगी यांनी नाकाच्या मधल्या पडद्यावरचं आतलं अस्तर फ्लॅप म्हणून सोडवलं. पिट्सबर्गच्या सर्जनांबरोबर 2006 मध्ये ते प्रसिद्ध झालं. स्वीडनच्या गोस्टा डोलमन यांनी 1948 मध्येच नाकातल्या अस्तराचा फ्लॅप गळतीवर वापरला होता, पण त्यासाठी चेहऱ्यावर बाहेरून चीर होती. नव्या फ्लॅपचं मर्म त्याच्या देठात आहे. नाकाच्या अगदी मागे, घशाच्या वरच्या तोंडाजवळून एक बारीक धमनी मधल्या पडद्यावर येते. तिच्या एवढ्याशा देठावर पडद्याच्या एका बाजूचं जवळजवळ सगळं अस्तर जगू शकतं. आणि ते इतकं मोठं असतं की एका डोळ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या खोबणीपर्यंत नाकाचं छत झाकून जातं.

हे करतात कसं, ते जवळून पाहू. पहिली गोष्ट, फ्लॅप आधी उचलायचा, गाठ मग काढायची. उलटं केलं तर गाठीकडे जाताना ड्रिल त्या धमनीवरूनच फिरेल. दुर्बिणीच्या पडद्यावर सर्जन नाकाच्या मधल्या भिंतीवर दोन लांब चिरा घेतात, एक वर, एक खाली. वरची चीर छतापासून एकदोन सेंटिमीटर खाली ठेवतात, कारण त्यावरचं अस्तर वासाचं आहे. खालची नाकाच्या तळाजवळून. पुढे नाकपुडीच्या आत दोन्ही चिरा उभ्या चिरेने जोडतात. मग एका चपट्या, बोथट हत्याराने अस्तर कुर्चेपासून आणि हाडापासून सोडवत मागे जातात. मागे ती धमनी दोन चिरांच्या मधून येते, बोटभराहून अरुंद जागेतून; तिथे हात सांभाळायचा. सुटलेली पट्टी गुंडाळून मागे घशाच्या वरच्या पोकळीत सरकवून ठेवतात. पुढचे तीनचार तास, कधी त्याहून जास्त, सगळं लक्ष गाठीवर.

गाठ निघाली की थर लागतात. सर्वांत आत, ड्युराच्या आतल्या बाजूला, एक पडदा. मोठ्या भोकाला त्यावर मांडीचा पडदा, कधी चरबी. मग काठांभोवतीचं नाकाचं अस्तर खरवडून हाड उघडं करायचं. ते विसरलं तर फ्लॅपखाली दबलेलं अस्तर पुढे वर्षानुवर्षं शेंबूड करत राहतं आणि त्याची गाठ होते. आता घशातून पट्टी बाहेर ओढून भोकावर पसरायची, आणि बाजू उलटसुलट होऊ द्यायची नाही: कुर्चेकडची कोरडी बाजू हाडाला, ओली बाजू नाकाकडे. पट्टी सगळीकडे हाडाला टेकलेली हवी, सुरकुती नको. वर जैविक गोंद, त्यावर विरघळणारी पट्टी, आणि शेवटी नाकात बोळा किंवा फुगवलेला फुगा, जो काही दिवस सगळं जागेवर दाबून धरतो. पुण्यातल्या त्या माणसाचा काथ, फडकी आणि चिंध्यांचे बोळे यांची कामं याहून वेगळी नव्हती.

याने फरक किती पडला, त्याचे आकडे आहेत. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ड्युराच्या मोठ्या भोकांच्या 609 रुग्णांचा हिशेब मांडला होता. ज्यांना रक्त नसलेलं ठिगळ लावलं त्यांच्यात 15.6 टक्क्यांना पुन्हा गळती झाली. ज्यांना देठाचा फ्लॅप लावला त्यांच्यात 6.7 टक्क्यांना. निम्म्याहून कमी. तरीही शंभरात सहासात जण उरतातच. त्यांच्यासाठी आणखी एक साधन आहे: कमरेतून बारीक नळी घालून पाण्याचा दाब काही दिवस कमी ठेवायचा. ती खरंच उपयोगी पडते का, यावर सर्जनांमध्ये बरीच वर्षं वाद होता. पिट्सबर्गमध्ये 170 रुग्णांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून केलेल्या चाचणीत नळी असलेल्यांत गळती 8.2 टक्के आणि नसलेल्यांत 21.2 टक्के निघाली. हे सगळे रुग्ण मोठ्या भोकाचे, जोराच्या गळतीचे होते. पिट्युटरीच्या साध्या गाठीला ही नळी लागत नाही.

नाकातला फ्लॅप नेहमीच मिळतो असंही नाही. आधी नाकाचं ऑपरेशन झालेलं असेल, रेडिएशन झालेलं असेल, किंवा कर्करोग त्या पडद्यातच असेल तर तो वापरता येत नाही. 2021 मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीने पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांना हे फार कठोरपणे शिकवलं. ती बुरशी रक्तवाहिन्यांतच शिरते आणि त्या बंद पाडते. त्यामुळे ज्या देठांवर भरवसा ठेवायचा तेच गेलेले असत. अशा वेळी कपाळाच्या पडद्याकडे किंवा कानशिलाच्या पडद्याकडे वळावं लागतं. तेही नसेल तर मांडीचा किंवा हाताचा तुकडा धमनी आणि शीर यांच्यासकट कापून आणतात आणि त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना शिवतात. तिथे देठ नव्याने जोडलेला असतो.

शिरूरचा रुग्ण नगर रस्त्याने, दौंडचा रेल्वेने पुण्याला पोचतो. शस्त्रक्रिया पुण्यात किंवा मुंबईत होते, आणि कॉर्डोमासारख्या गाठीला पुढे प्रोटॉन किरण लागले तर 2023 पासून ते टाटा स्मारक केंद्राच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये मिळतात. पण फ्लॅप रुजतो तो घरी. पहिले काही आठवडे त्यावर सर्वांत मोठा घाव घालणारी गोष्ट म्हणजे दाब, आणि आपलं रोजचं जगणं दाबाने भरलेलं आहे. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, दाबायची नाही. तपकीर बंद, फोडणीचा ठसका नको, चुलीच्या धुरापुढे बसायचं नाही. वैरणीचा भारा, पाण्याचा हंडा, कांद्याची गोणी, यांतलं काहीही उचलायचं नाही, आणि "एवढंसं तर आहे" हे घरच्यांचं म्हणणं ऐकायचं नाही. चप्पल घालायलाही डोकं खाली न घेता बसून घालायची. शौचाला कुंथायचं नाही. डॉक्टर पोट साफ होण्याचं औषध देतात ते यासाठी, पचनासाठी नाही, म्हणून ते बंद करायचं नाही. जलनेती, कपालभाती आणि नाकात तेल सोडणं सर्जन सांगेपर्यंत वर्ज्य. आणि रांजणगावच्या महागणपतीला साष्टांग दंडवताचा नवस बोललेला असेल तर देवाला थांबायला सांगायचं. तो समजून घेईल.

या आठवड्यांत पुन्हा एका नाकपुडीतून पाणी आलं, तोंड खारट झालं, ताप आणि डोकेदुखीबरोबर मान ताठली, किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर गावातल्या दवाखान्यात सर्दीची गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथे त्याच रात्री जायचं. पाण्याचा थोडा नमुना स्वच्छ बाटलीत धरता आला तर धरावा. त्यात बीटा-2 ट्रान्सफेरिन हे प्रथिन सापडलं की ते नाकाचं पाणी नाही हे नक्की होतं, कारण शेंबडात ते नसतं.

त्रासाची दुसरी बाजू रुग्णांना कमी सांगितली जाते. अस्तर काढलेली नाकातली भिंत उघडी राहते. तिच्यावर कित्येक आठवडे, कधी महिने, खपल्या धरतात. दुर्गंधी येते, नाक बंद वाटतं. त्या बोटाने काढायच्या नाहीत. पुण्याला फेऱ्या घालून दुर्बिणीखाली साफ करून घ्यायच्या. एसटीचं किंवा गाडीचं भाडं आणि बुडालेली मजुरी जमेला धरली की ही फेरी जड वाटते, आणि आता पाणी येत नाही म्हणून ती टाळली जाते. तसं करू नये. वासही काही काळ मंदावतो. बऱ्याच जणांना तो परत मिळतो, वासाच्या अस्तराजवळच गाठ असेल तर नाही.

फाईल मात्र जपून ठेवायची. डिस्चार्ज कार्डावर फ्लॅप कोणत्या बाजूने घेतला आणि कोणत्या धमनीवर आहे, हे लिहिलेलं असतं. नसेल तर लिहून मागावं. काही गाठी पाच वर्षांनी, काही पंधरा वर्षांनी परत येतात, आणि तेव्हा सर्जन वेगळा असतो, शहरही वेगळं असू शकतं. नव्या सर्जनला आधी हेच पाहायचं असतं. देठ शाबूत असेल तर रुजलेला तोच फ्लॅप काळजीपूर्वक सोडवून बाजूला ठेवता येतो, गाठ काढता येते, आणि तो पुन्हा त्याच भोकावर बसवता येतो.